ड्वॉर्किन : ज्याच्या विरुद्ध निकाल जातो, त्याला कायदा काय देणे लागतो?

निकष

अमेरिकन विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांचे नाव निघाले की चर्चा बहुधा एकाच विधानापाशी येऊन अडते : अवघड खटल्यालाही एक बरोबर उत्तर असते. हे विधान सुटे काढून वाचले, तर ते भाबडे तरी वाटते किंवा उद्धट तरी. त्यांचे लेखन सलग वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की या विधानाचे मूळ ज्ञानाच्या गर्वात नसून एका ऋणाच्या जाणिवेत आहे. न्यायालय ज्याच्या विरुद्ध निकाल देते, ज्याची मालमत्ता, स्वातंत्र्य किंवा प्रतिष्ठा त्या निकालाने जाते, त्या माणसाला राज्यसंस्था काय देणे लागते, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. हक्क, समता आणि कायद्याचा अन्वयार्थ या तिन्ही विषयांवरचे त्यांचे लेखन या एका प्रश्नातून निघते, असे मला वाटते, आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ड्वॉर्किन यांचा जन्म १९३१ चा, अमेरिकेतला. हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण, मग न्यायाधीश लर्नेड हँड यांच्याकडे क्लार्क (म्हणजे कायदेविषयक सहायक), काही काळ न्यूयॉर्कमध्ये वकिली, त्यानंतर येल येथे अध्यापन. १९६९ मध्ये ऑक्सफर्डमधील विधितत्त्वज्ञानाचे अध्यासन एच. एल. ए. हार्ट यांच्यानंतर त्यांच्याकडे आले. हार्ट यांच्याच सिद्धान्तावर त्यांनी दोन वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, एका लेखात अत्यंत जोरकस टीका केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नेमणुकीचे वेगळेपण कळते. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठ आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे त्यांनी दीर्घकाळ शिकवले. २०१३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

हार्ट यांची मांडणी थोडक्यात अशी. कायदा ही नियमांची व्यवस्था आहे. कोणता नियम कायदा म्हणून मानायचा, हे ठरवणारा एक मूळ नियम न्यायाधीशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष वागण्यातून दिसतो. नियमाच्या भाषेला एक निश्चित गाभा असतो आणि भोवती धूसर कडा असते. खटला त्या कडेवर येऊन पडला की कायदा संपतो आणि न्यायाधीश आपला विवेकाधिकार वापरून, मर्यादित अर्थाने का होईना, नवा कायदा घडवतो. ही मांडणी समंजस आहे, प्रामाणिक आहे आणि न्यायाधीश देववाणी उच्चारतात असा आव ती आणत नाही. म्हणूनच तिला उत्तर देणे सोपे नव्हते.

ड्वॉर्किन यांनी निवडलेले उदाहरण न्यूयॉर्क राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सने १८८९ मध्ये निकाली काढलेल्या रिग्ज विरुद्ध पामर या खटल्याचे होते. एल्मर पामर या नातवाला आजोबांनी मृत्युपत्रात संपत्तीचा मोठा हिस्सा ठेवला होता. आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीने त्याने १८८२ मध्ये त्यांना विष देऊन ठार मारले. त्याला शिक्षा झाली, पण वारसा त्यालाच मिळायचा का, हा प्रश्न उरला आणि आजोबांच्या मुलींनी दावा लावला. मृत्युपत्रांच्या कायद्यात खुनी लाभार्थ्याबद्दल एक अक्षर नव्हते. मृत्युपत्र रीतसर केलेले होते. न्यायमूर्ती अर्ल यांनी बहुमताच्या निकालपत्रात सांगितले की स्वतःच्या दुष्कृत्यापासून कोणालाही लाभ मिळू नये, हे तत्त्व सगळ्या कायद्यांच्या मुळाशी आहे. न्यायमूर्ती ग्रे यांचे मत उलट होते : फौजदारी कायद्याने ठरवलेली शिक्षा एल्मरला मिळालेली आहे, तीत मालमत्ता हिरावून घेण्याची भर घालण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

ड्वॉर्किन यांचे निरीक्षण असे की अर्ल यांनी आधार घेतलेले तत्त्व हा नियम नव्हे. नियम लागू होतो किंवा होत नाही. मृत्युपत्राला ठरावीक संख्येने साक्षीदार लागत असतील, तर एक कमी असला की ते मृत्युपत्र पडते. तत्त्वाला मात्र वजन असते. चुकीच्या कृत्यातूनही कधी कधी लाभ मिळतो, आणि कायदा तो चालवून घेतो. दुसऱ्याच्या जमिनीवरून दीर्घकाळ विनापरवाना ये-जा करणाऱ्याला पुढे तो वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. तरीही त्यामुळे ते तत्त्व रद्द होत नाही. ते कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेले नाही आणि तरीही न्यायाधीशांना बांधते. मग नियम संपले म्हणजे कायदा संपला, असे म्हणता येत नाही.

इथे हरणाऱ्या पक्षकाराचा मुद्दा येतो. न्यायाधीशाने त्या दिवशी नवा कायदा केला असे मानले, तर एल्मरची मालमत्ता अशा कायद्याने गेली, जो त्याच्या कृत्याच्या वेळी अस्तित्वातच नव्हता. दावा लावणाऱ्या मुलींनाही मग हक्क नव्हता. न्यायालयाने तो त्यांना त्या दिवशी बहाल केला. पण न्यायालयात कोणी ‘माझ्या बाजूने नवा कायदा करा’ असे सांगत येत नाही. तो सांगतो की हा माझा हक्क आहे, तो आजही आहे, फक्त समोरचा तो मानत नाही. पक्षकारांच्या या बोलण्याला गांभीर्याने घेणारा सिद्धान्त हवा, एवढीच ड्वॉर्किन यांची पहिली मागणी आहे, आणि मला ती अतिशय रास्त वाटते.

अन्वय

धागाकर्त्यांनी विषय नेमका मांडला आहे, पण हार्ट यांच्या बाजूचे जे म्हणणे राहून गेले, ते नोंदवणे आवश्यक वाटते.

हार्ट १९९२ मध्ये वारले. त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या १९९४ मधील दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी अपुरे ठेवलेले उत्तर जोडलेले आहे आणि त्यात ड्वॉर्किन यांनाच प्रामुख्याने संबोधले आहे. तिथे ते स्पष्ट म्हणतात की कायद्यात तत्त्वेही असतात, हे मान्य करायला त्यांच्या सिद्धान्ताची काहीच हरकत नाही. एखाद्या देशातील न्यायाधीश नैतिक तत्त्वांना कायद्याची कसोटी मानत असतील, तर त्या देशाच्या मूळ नियमातच ती तत्त्वे आली. रिग्ज खटल्याने मग सिद्ध काय झाले? एवढेच की १८८९ मधील न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांमध्ये हे तत्त्व रुजलेले होते.

विधितत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांनी दुसऱ्या बाजूने हल्ला केला आणि तो मला अधिक खोल वाटतो. कायद्याचा उपयोगच असा की काय करावे यावर आपले एकमत होत नाही तेव्हा तो आपल्या वतीने निर्णय देतो. कायदा काय आहे हे शोधण्यासाठी पुन्हा त्याच नैतिक वादात शिरावे लागत असेल, तर कायद्याने काम केले असे म्हणता येणार नाही. ड्वॉर्किन यांनी आपला आदर्श न्यायाधीश रंगवला, त्याला हर्क्युलिस असे नाव दिले, आणि त्याच्याजवळ अमर्याद वेळ व अलौकिक बुद्धी असल्याचे मानले. प्रत्यक्षातील न्यायाधीशाजवळ दोन्ही नसते. पाच न्यायाधीश एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला असतात, सगळे विद्वान, सगळे प्रामाणिक. अशा वेळी ‘बरोबर उत्तर एकच आहे’ या वाक्यातून हरणाऱ्याला नेमके काय मिळते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

निकष

अन्वय यांचा प्रश्न धाग्याच्या गाभ्याला भिडणारा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

१९७७ मध्ये आलेल्या ‘टेकिंग राइट्स सीरियसली’ या निबंधसंग्रहापर्यंत ड्वॉर्किन नियम आणि तत्त्वे यांच्या भेदावर भर देत होते. तत्त्वेही मूळ नियमात सामावता येतील, हे उत्तर त्या भेदापुरते पुरेसे असेलही. पण १९८६ च्या ‘लॉज एम्पायर’मध्ये त्यांनी वाद दुसऱ्या जागी नेला. न्यायाधीशांमध्ये जो मतभेद असतो, तो अनेकदा कायदा ठरवण्याच्या कसोटीविषयीच असतो. अर्ल आणि ग्रे यांच्यापुढे कायद्याचा मजकूर तोच होता आणि तथ्येही तीच होती. त्यांचे जमत नव्हते ते मजकुरातून कायदा कसा काढायचा यावर. कसोटीवर एकमत असणे हाच कायद्याचा पाया असेल, तर हा मतभेद संभवतच नाही. आणि तो तर रोज घडतो.

मग कायदा म्हणजे काय? ड्वॉर्किन म्हणतात, कायदा ही अन्वय लावण्याची कृती आहे. त्यांनी साखळी कादंबरीचे उदाहरण दिले. अनेक लेखक मिळून एक कादंबरी लिहीत आहेत, प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहून पुढच्याकडे द्यायचे. सातवे प्रकरण लिहिणाऱ्याला आधीच्या सहा प्रकरणांशी जुळते घ्यावे लागते, नाही तर ती कादंबरी राहत नाही. पण केवळ जुळून भागत नाही, कारण जुळणारे मार्ग अनेक असतात. त्यांतून कादंबरीला सर्वांत चांगले रूप देणारा मार्ग निवडावा लागतो. न्यायाधीशापुढेही याच दोन कसोट्या असतात. त्याने लावलेला अर्थ आजवरच्या कायद्यांशी आणि पूर्वनिर्णयांशी बऱ्याच अंशी जुळला पाहिजे, आणि जुळणाऱ्या अर्थांपैकी तो त्या साऱ्या इतिहासाला नैतिकदृष्ट्या सर्वांत समर्थनीय ठरवणारा असला पाहिजे. न्यायाधीश मोकळा नाही आणि यंत्रही नाही.

या पद्धतीला त्यांनी दिलेले तत्त्व म्हणजे कायद्यातील सचोटी : राज्यसंस्थेने सर्व नागरिकांशी एकाच तत्त्वसमूहाच्या आधारे वागावे. हे तत्त्व न्यायाहून आणि लोकशाही प्रक्रियेच्या रास्तपणाहून वेगळे आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी केलेला युक्तिवाद त्यांच्या साऱ्या लेखनातील सर्वांत सुंदर युक्तिवाद आहे, असे मी मानतो. समजा, गर्भपातावर समाज दुभंगलेला आहे. विधिमंडळाने तोड काढली की सम वर्षी जन्मलेल्या स्त्रियांना गर्भपाताची मुभा असावी आणि विषम वर्षी जन्मलेल्यांना नसावी. रास्तपणाच्या दृष्टीने यात खोट काढणे कठीण आहे. दोन्ही मतांना जवळपास त्यांच्या प्रमाणात वाटा मिळाला. न्यायाच्या दृष्टीनेही, जो गर्भपातबंदीला अन्याय मानतो त्याला हा तोडगा संपूर्ण बंदीपेक्षा बरा वाटायला हवा. तरीही आपल्यापैकी प्रत्येक जण हा कायदा पाहताच नाकारतो. का? कारण अशा कायद्यामागे राज्यसंस्थेला कोणतेही एक तत्त्व सांगता येत नाही. विषम वर्षी जन्मलेल्या स्त्रीला ‘तुला का नाही?’ याचे उत्तर देताच येत नाही. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत गुलामांची लोकसंख्या तीनपंचमांश धरण्याची आणि १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी न घालण्याची जी कलमे होती, ती ड्वॉर्किन यांनी याच जातीच्या तडजोडींत मोडली.

अन्वय विचारतात, हरणाऱ्याला काय मिळते? त्याला हा अधिकार मिळतो की न्यायालयाने त्याला त्याच तत्त्वांच्या भाषेत उत्तर द्यावे, जी तत्त्वे ते जिंकणाऱ्यालाही लागू करते आणि उद्या तिसऱ्यालाही करेल. ‘कायदा इथे संपला होता, म्हणून आम्ही आमच्या मते योग्य ते केले’ असे म्हणण्याची मुभा न्यायाधीशाला राहत नाही. बरोबर उत्तर असल्याचे मानणे म्हणजे आपण ते हस्तगत केले असा दावा नव्हे. शोध थांबवण्याचा परवाना स्वतःला न देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पाच विरुद्ध चार अशा विभागणीतही अल्पमतातील न्यायाधीश बहुमताचा निकाल चुकीचा आहे असेच लिहितो. माझी आवड निराळी आहे, असे लिहीत नाही.

मध्यमा

हक्क आणि समता यांवर अजून कोणी आले नाही, म्हणून लिहिते. निकष यांच्या मांडणीला इथून बळच मिळेल.

हक्क म्हणजे हुकमाचे पान, हे ड्वॉर्किन यांचे वचन सगळ्यांना ठाऊक असते. बहुसंख्यांचे हित हे सरकारी निर्णयांचे नेहमीचे समर्थन असते. हक्क त्या समर्थनावर मात करतो. एखाद्याचे भाषण बंद केल्याने बहुतेकांना थोडे बरे वाटणार असले, तरी तेवढ्याने ते बंद करता येत नाही. पण हे पान हुकमाचे का ठरते, ते फार कमी वेळा सांगितले जाते. ड्वॉर्किन यांच्या मते सगळ्या हक्कांच्या मुळाशी एकच हक्क आहे : राज्यसंस्थेने प्रत्येकाकडे समान आस्थेने आणि समान आदराने पाहावे हा. सर्वसाधारण स्वातंत्र्याचा हक्क असे काही ते मानत नाहीत. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर उलट दिशेने गाडी नेण्याचे माझे स्वातंत्र्य सरकार काढून घेते, त्यात माझा कोणताही हक्क भंगत नाही.

समान मानणे आणि समान वाटप करणे यांत ते काटेकोर भेद करतात. एका माणसाची दोन मुले एकाच आजाराने पडली आहेत. एक मरणाच्या दारात आहे, दुसऱ्याला नुसती अस्वस्थता आहे. औषधाचा शेवटचा डोस कोणाला द्यायचा यासाठी त्याने नाणे उडवले, तर त्याने दोघांना समान मानले असे आपण म्हणणार नाही.

याच भेदावर त्यांनी प्रवेशांच्या खटल्यांचा विचार केला. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराला टेक्सास विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाने १९४६ मध्ये नाकारले, आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मार्को डीफ्युनिस या गोऱ्या अर्जदाराला १९७१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने नाकारले. अल्पसंख्य अर्जदारांसाठीचे निकष निराळे होते, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाच्या आदेशाने त्याला मधल्या काळात प्रवेश मिळाला होता आणि शिक्षण संपत आले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मूळ प्रश्नाला हात न लावता प्रकरण मिटवले. दोन्ही तक्रारी वरून सारख्या दिसतात. दोघेही म्हणतात, माझ्या वंशामुळे मला नाकारले. ड्वॉर्किन म्हणतात की प्रवेश मिळण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. आपले हित इतरांच्या हिताइतक्याच गंभीरपणे मोजले जावे, एवढा हक्क दोघांना होता. स्वेट याला वगळणाऱ्या धोरणाचे कोणतेही समर्थन अखेरीस इतरांच्या मनातील तुच्छतेवर उभे होते, कोणी कोणाच्या शेजारी बसावे याविषयीच्या त्यांच्या इच्छेवर. स्वतःसाठी काय हवे यापलीकडे जाऊन दुसऱ्याच्या वाट्याला काय यावे याविषयी असलेल्या अशा इच्छा सार्वजनिक हिताच्या हिशेबात धरल्या, तर ज्याचा तिरस्कार होतो त्याचे मत कमी मोजले गेले. डीफ्युनिस याला नाकारणाऱ्या धोरणामागे असा तिरस्कार नव्हता. वकिली व्यवसायातील वांशिक दरी कमी व्हावी, हा हेतू तिरस्काराविना उभा राहू शकतो.

या युक्तिवादाशी सगळे सहमत नाहीत, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या वंश लक्षात घेणाऱ्या प्रवेशपद्धती रद्द करताना बरोबर उलट दिशा घेतली. मला मात्र ड्वॉर्किन यांची कसोटी आजही अधिक खरी वाटते, कारण ती नाकारल्या गेलेल्या माणसाला सांगायचे कारण कोणत्या प्रकारचे आहे ते तपासते.

शुक्रतारा

सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. एक प्रश्न : समान आस्था म्हणजे संपत्तीही समान असावी, असे ड्वॉर्किन म्हणतात का? की ते केवळ हक्कांपुरते बोलतात? आर्थिक विषमतेवर त्यांचे म्हणणे काय आहे?

मध्यमा

शुक्रतारा, त्यांनी यावर १९८१ मध्ये दोन मोठे निबंध लिहिले. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात समता नेमकी कशाची, असा प्रश्न मांडला होता. ड्वॉर्किन त्याच प्रश्नाला आपले उत्तर देतात.

पहिला निबंध म्हणतो की सर्वांना सारखे सुखी किंवा समाधानी करणे हे ध्येय टिकत नाही. ज्याने मुद्दाम महागड्या आवडी जोपासल्या, त्याला तेवढेच समाधान मिळावे म्हणून इतरांच्या वाट्यातून जास्त द्यावे लागेल. दुसरा निबंध साधनसंपत्तीच्या समतेकडे वळतो. जहाज फुटून काही माणसे निर्जन बेटावर पोहोचतात. प्रत्येकाला सारख्याच संख्येने शिंपले मिळतात आणि बेटावरील प्रत्येक वस्तूचा त्या शिंपल्यांत लिलाव होतो. लिलाव संपल्यावर आपल्या वाट्याऐवजी दुसऱ्याचा वाटा हवा होता असे कोणालाच वाटत नसेल, तर वाटणी समान झाली. याची खुबी अशी की एखादी वस्तू मी घेतली तर इतरांना तिच्यावाचून किती अडते, हे तिच्या किमतीतून कळते. माझ्या जगण्याची किंमत इतरांच्या जगण्याच्या संदर्भात ठरते.

पण लिलावानंतर काय? कोणी मेहनत करील, कोणी करणार नाही; त्यातून आलेला फरक राहू द्यावा. कोणी जाणूनबुजून जोखीम घेऊन हरेल; तेही त्याने सोसावे. पण कोणी जन्मतः अंध असेल, कोणाला बाजारात मोल नसलेली गुणवत्ता मिळाली असेल, तर तो फरक त्याच्या निवडीचा नाही. इथे ड्वॉर्किन विम्याची कल्पना आणतात, आणि तिथेच हा निबंध विलक्षण होतो. समजा, सर्वांजवळ सारखेच धन आहे, अपंगत्वाची किंवा कमी कमाईची सर्वसाधारण शक्यता सर्वांना ठाऊक आहे, पण ती कोणावर येणार हे कोणालाच ठाऊक नाही. अशा स्थितीत सर्वसाधारण समंजस माणूस किती रकमेचा विमा उतरवील? त्या विम्याचा जो हप्ता असता, तेवढा कर सर्वांवर बसवावा, आणि जी भरपाई मिळाली असती, ती ज्यांच्यावर संकट आले त्यांना द्यावी.

हे केवळ बेटावरचे नाही. १९९४ मध्ये, क्लिंटन सरकारच्या आरोग्य योजनेवर अमेरिकेत वाद चालू असताना, त्यांनी हीच कसोटी वैद्यकीय खर्चाला लावली. जीव वाचवण्यासाठी शक्य ते सगळे करावे, खर्च पाहू नये, हा विचार उदात्त वाटतो, पण त्याने कोणत्याच समाजाला निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी विचारावे, समान संपत्ती असलेला समंजस माणूस स्वतःच्या पैशाने कोणत्या उपचारांचा विमा घेईल? कायमच्या बेशुद्धीत यंत्रांवर जगवले जाण्याचा विमा जवळपास कोणीच घेणार नाही. लहान मुलांच्या नेहमीच्या उपचारांचा आणि अपघातावरच्या शस्त्रक्रियेचा जवळपास प्रत्येक जण घेईल. मग जो समाज पहिल्यावर खर्च करतो आणि दुसऱ्यापासून गरिबांना वंचित ठेवतो, तो दोन्हीकडून चुकतो.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : संपत्ती कायम सारखी राहावी असे ते म्हणत नाहीत. पण जो फरक माणसाच्या निवडीतून आलेला नाही, त्याचा खुलासा राज्यसंस्थेने द्यावा, असे म्हणतात.

अन्वय

विम्याच्या युक्तिवादातील बुद्धी मान्य आहे, पण तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये घेतलेला आक्षेप मला टाळता येत नाही. नशिबाची भरपाई करणारी समता, त्या म्हणतात, लोकांकडे ते एकमेकांचे समकक्ष नागरिक म्हणून पाहत नाही. कोण किती उणा आहे याची ती मोजदाद करते. समतेचा मुद्दा मुळात शोषण आणि उच्चनीचता संपवण्याचा आहे. ड्वॉर्किन यांनी आपल्याला या गटात बसवणे नाकारले. संकट येण्यापूर्वी सर्वांची स्थिती समान असावी एवढेच मी म्हणतो, नशीब पुसून टाकण्याविषयी बोलत नाही, असे त्यांचे उत्तर होते. ते उत्तर अर्धेच समाधान करते.

माझा मोठा आक्षेप मात्र अधिकाराचा आहे. समान आस्थेचा अर्थ कोणी लावायचा? ड्वॉर्किन यांनी तो बव्हंशी न्यायालयांवर सोपवला. विधितत्त्वज्ञ जेरेमी वॉल्ड्रन यांनी दाखवून दिले आहे की हक्कांविषयी मतभेद झाले की न्यायाधीशही अखेर मतेच मोजतात. मोजायचीच असतील, तर सर्वोच्च न्यायालयातील नऊ जणांची का? ज्यांचे हक्क आहेत, त्या सगळ्यांची का नाही? आणि ड्वॉर्किन ज्यांच्याकडे क्लार्क होते, त्या लर्नेड हँड यांनीच १९५८ मधील व्याख्यानांत म्हटले होते की प्लेटोने कल्पिलेल्या पालक-राज्यकर्त्यांसारख्या शहाण्यांनी आपल्यावर राज्य करावे, हे त्यांना सहन होणार नाही, ते शहाणे निवडण्याची रीत ठाऊक असती तरीही.

निकष

हँड यांच्या त्या व्याख्यानांचा विषय येणार अशी वाट मी पाहतच होतो, कारण ड्वॉर्किन यांनी आयुष्यभर त्यांनाच उत्तर दिले असे मला वाटते. हँड यांचा संशय इतका प्रामाणिक होता की शाळांतील वंशभेद अवैध ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाचेही समर्थन करणे त्यांना कठीण गेले.

ब्राउन खटल्यावरच ड्वॉर्किन यांची पद्धत तपासून पाहावी. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले. ज्या काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ती दुरुस्ती मांडली, तिच्याच कारकिर्दीत राजधानीतील शाळा वंशानुसार विभागलेल्या होत्या. तेव्हा त्या लोकांना काय घडेल अशी अपेक्षा होती, हे पाहिले तर ब्राउन निकाल चुकतो. त्यांनी काय म्हटले, हे पाहिले तर त्यांनी एक व्यापक तत्त्व लिहिले. शाळांविषयीची आपली समजूत लिहिली नाही. त्या तत्त्वाला बांधील राहणे म्हणजे त्यांच्या समजुतीला बांधील राहणे नव्हे. न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांच्याशी १९९७ मध्ये एकाच ग्रंथात त्यांचा जो वाद झाला, त्यातही त्यांनी हाच भेद धरला : शब्दांना एकनिष्ठ राहायचे असेल, तर त्यांचा मूळ अमूर्तपणाही जपावा लागतो.

वॉल्ड्रन यांना त्यांचे उत्तर लोकशाहीच्या व्याख्येतून येते. लोकशाही म्हणजे बहुमताची इच्छा एवढेच असेल, तर न्यायालयाचा हस्तक्षेप नेहमीच तिचे नुकसान करतो. पण ती जर समान भागीदारांची सत्ता असेल, तर ज्याला भागीदार मानलेच जात नाही, त्याच्यावर बहुमताचा निर्णय कोणत्या नात्याने बंधनकारक होतो? १९५४ पूर्वीच्या अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय पालकाला ‘तुमचे मत मोजले गेले, तुम्ही हरलात’ असे सांगणे खोटे ठरले असते. अनेक ठिकाणी त्याला मतदानापासूनच रोखले जात होते.

अन्वय

त्या पालकाच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे, आणि वॉल्ड्रनही आपला युक्तिवाद अशा समाजांपुरताच मांडतात, जिथे लोकशाही संस्था बऱ्यापैकी चालतात आणि लोक हक्कांची कदर करतात. जिथे मत खरोखर मोजले जाते, तिथला प्रश्न मात्र उरतो. त्या ठिकाणी मी अजूनही विधिमंडळाच्या बाजूने आहे.

मध्यमा

अन्वय यांच्या आक्षेपात ड्वॉर्किन यांनी अर्थ लावण्याचे काम फक्त न्यायाधीशांना दिले, असे गृहीत आहे. तिथे माझा मतभेद आहे. व्हिएतनाम युद्धातील सक्तीच्या भरतीला विरोध करणाऱ्यांवर खटले भरले जात असताना, १९६८ मध्ये, त्यांनी सविनय कायदेभंगावर लिहिलेला निबंध या संदर्भात वाचावा. कायदा ज्या ठिकाणी खरोखर संदिग्ध आहे, तिथे नागरिकाने काय करावे, असा प्रश्न ते विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विषय संपला, हे उत्तर ते स्वीकारत नाहीत. नागरिकाची निष्ठा कायद्याशी असते. कायदा काय आहे याविषयी एखाद्या व्यक्तीच्या किंवा न्यायालयाच्या मताशी नसते. म्हणून सद्भावनेने आणि विचारपूर्वक स्वतःचा अर्थ लावून त्याप्रमाणे वागणारा नागरिक कायद्याशी अप्रामाणिक ठरत नाही. अशा नागरिकावर खटला भरावा की नाही, हे ठरवताना सरकारी वकिलानेही ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, असे ते म्हणतात.

त्यांचे उदाहरण ध्वजवंदनाचे आहे. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले की यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन करायला भाग पाडता येते. १९४३ मध्ये त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मताने तो निकाल फिरवला. मधल्या काळात, १९४१ किंवा १९४२ मध्ये, वंदन करायला नकार देणारे मूल कायदा मोडत होते का? हार्ट यांच्या दृष्टीने पाहता त्या काळापुरते उत्तर होकारार्थी येईल. ड्वॉर्किन यांच्या मते त्या कुटुंबाचा हक्क १९४२ मध्येही होता; न्यायालयाला तो दिसला नव्हता. त्या कुटुंबांनी आज्ञा पाळून स्वस्थ बसायचे ठरवले असते, तर १९४३ चा खटला उभाच राहिला नसता, आणि राज्यघटनेचा अर्थ लावण्याच्या कामात त्या मुलांच्या नकाराचा वाटा न्यायाधीशांच्या निकालपत्रांहून कमी नव्हता.